शनिवारच्या चिंबोऱ्या

मंगळवार, १९ ऑक्टोबर १९८२

आज वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली. पगार नाही, पण किल्ली आहे.

सकाळी कृष्णाबाई पाच-सहा बायांना घेऊन ओट्यावर आली. आमच्या गावच्या बाया खाडीत फग लावून चिंबोऱ्या पकडतात, त्यांची ही म्होरकी. फग म्हणजे लोखंडी कडीला बांधलेलं जाळं, मधोमध आमिष. म्हणाली, "सॉलोमनकाका, तीन वर्सं झाली, फगात येतंय ते बटनायेवढं. आता आमी ठरवलंय, पोटात लाख भरलेली मादी विकायची नाय आनि खायची पन नाय. अमावास्येच्या उधानाला सगल्या एकदम समुद्राच्या वाटंला लावायच्या. तवर त्या तुमी सांभाला."

"मी? मला चिंबोरीतलं काय कळतं गो? आम्ही खात नाही."

"म्हनून तर!" हौसा मागून बोलली. "आमच्यातल्या कोनाच्या घरी ठेवल्या तर तिसऱ्या दिवशी रश्शाचा वास येल. आनि लगेच पान्यात सोडल्या तर पुढच्या फगात शिरतात, मग त्या बाईची नियत फिरते."

सगळ्या हसल्या. पाण्यातलं जे खवल्यांचं नाही ते आम्ही बेने इस्रायल लोक तोंडाला लावत नाही, हे गावाला ठाऊक. गावात आमचं एकच घर उरलंय, ते या कामाला आलं म्हणायचं.

उघाडीजवळची, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळची, मिठागराची जुनी विटांची कुंडी ठरली. तिला नळाने खाडीचं पाणी येतं-जातं, तोंडाशी जाळी आहे. वर बांबूचं झाकण आणि माझं पितळी कुलूप. मी एक अट घातली: कुंडीपाशी माझ्याशिवाय कोणी जायचं नाही. बायांनी टोपली माझ्या घरी द्यायची. म्हणजे उद्या कोणावर बोट नको.

किती आल्या ते लिहायला आमच्या मुलीने, दीनाने, इस्रायलहून पाठवलेली वही काढली. दोन ओळी लिहायच्या होत्या, पान भरलं.

बुधवार, २० ऑक्टोबर

आज शिकलो: मादीच्या पोटावरचं झाकण रुंद असतं, नराचं निमुळतं. लाख म्हणजे आतली नारिंगी अंडी. तीच पुढे पोटाखाली बाहेर येतात आणि मादी ती घेऊन समुद्राकडे जाते. एकीच्या पोटी लाखांनी पिल्लं, असं हौसा म्हणाली. हा कायदा मुळात तिच्याच डोक्यातून निघाला, कृष्णाबाईने फक्त आवाज दिला. गिरणीचा संप लागल्यापासून हौसाचा मुलगा घरी बसलाय, सून सरू पोटुशी. खाडीवरच घर चालतं, आणि तरी हीच बाई भरलेल्या चिंबोऱ्या सोडा म्हणते. मोठ्या काळजाची आहे.

पाच आल्या. बिचाऱ्यांच्या नांग्या सुतळीने करकचून आवळलेल्या. पोटुशीला कोणी असं बांधून ठेवतं का? चुलीच्या चिमट्यात धरून, बायकोच्या, सिपोराच्या कात्रीने एकेकीची सुतळी कापली आणि कुंडीत सोडलं. मोकळ्या होऊन कशा सरसरल्या! मला फार बरं वाटलं.

रोज सकाळी माशांची डोकी टाकायची. शनिवारी अर्थात नाही. शनिवारी मी बांधावर पाऊल टाकत नाही. एक दिवस त्यांनाही शाबाथ.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

एकूण अकरा. दिवस मावळायच्या आत घरी.

रविवार, २४ ऑक्टोबर

आठ.

तीनदा मोजल्या, काठीने कोपरे चाचपले. आठच. कुलूप जागेवर, जाळी शाबूत. तळाशी एक तुटकी नांगी आणि पाठीच्या कवचाचे दोन तुकडे.

माझं मोजणं चुकलं असेल. पण नांगी कुठून आली? कोणीतरी घाईत उचलली असणार, ओढाताणीत तुटली.

कोणाला बोललो नाही.

सोमवार, २५ ऑक्टोबर

डोकं चालवून बघितलं. किल्ली दारातल्या खिळ्याला असते, चौकटीवरच्या मेझूझाच्या, आमच्या प्रार्थनेच्या डबीच्या, खाली. इतर दिवशी मी दारातच बसलेला असतो. शनिवारी सकाळी मी आत प्रार्थना करतो. त्या वेळी घरात कोण येतं? एकच माणूस. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, म्हणून हौसा येते, चूल पेटवते, चहाचं आधण ठेवते आणि जाते. अठरा वर्षं झाली.

हे लिहिताना माझीच लाज वाटतेय. पण लिहिलं.

बुधवार, २७ ऑक्टोबर. दसरा.

हौसा सोनं द्यायला आली. मी तिच्या हातांकडे बघत होतो. मनगटावर ओरखडा. "काय झालं गो?" विचारलं. "काय होनार, चिंबोरीनं मुका घेतला," म्हणाली आणि हसली.

चिंबोऱ्या पकडणाऱ्या बाईच्या हाताला ओरखडा असायचाच. तरी मनात घर करून बसला.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

सतरा झाल्या. सिपोराच्या समोर मोजल्या. ती म्हणाली, "मला कशाला साक्षीला घेता? कोणाची चोरी पकडताय?" मी म्हटलं, कोणाची नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बायकोशी खोटं बोललो.

रविवार, ३१ ऑक्टोबर

बारा. पाच गेल्या. नांग्या, पाय, कवचं, खच पडलाय तळाशी.

पुन्हा शनिवार. काल हौसा चूल पेटवून गेली तेव्हा तिच्या कमरेला टोपली होती, वरून फडक्याने झाकलेली. मी पडद्याआडून पाहिलं. प्रार्थना करताना पाहिलं, देव क्षमा करो.

दुपारी मुद्दाम तिच्या घरामागून गेलो. उकिरड्यावर चिंबोरीची कवचं. काठीने उलटून पाहिली, झाकणं सगळी निमुळती, म्हणजे नरांची. पण चोर हुशार असेल तर रुंद झाकणं पुरून टाकील. सरू दारातून म्हणाली, "काका, काय हरवलं?" मी म्हटलं, "चष्म्याची काडी." चष्मा नाकावर होता.

संध्याकाळी कृष्णाबाईला सांगितलं. नाव घेतलं नाही. शनिवार, किल्ली, चूल, एवढंच सांगितलं. नाव तिने घेतलं.

मंगळवार, २ नोव्हेंबर

देवळापुढे बाया जमल्या. पोपटही आला होता, पेणला आणि रोह्याला माल पोचवणारा. त्याला हा कायदा मोडायलाच हवाय, भरलेल्या मादीला बाजारात मान जास्त. तो मिशीत हसत होता.

कृष्णाबाईने विचारलं, "हौसे, शनिवारी काकांच्या घरी किल्ली कुठं असते, ठाव हाय तुला?"

"हाय की. दारातल्या खिल्याला."

"मग आठ चिंबोऱ्या कुठं गेल्या?"

हौसाने कृष्णाबाईकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमी बोला. मी नेल्या?"

मी म्हणालो, "मी तुझं नाव घेतलं नाही."

"नाव नाय घेतलं. सगलं घेतलं नि नाव तेवढं ठेवलं."

कायदा बायांनीच केलेला: भरलेली मादी जिने घेतली तिचे फग शिमग्यापर्यंत बंद. हौसा त्या ठरावाला सर्वांत आधी हो म्हणालेली. ती घरी गेली, चारही फग आणले, कृष्णाबाईच्या पायाशी टाकले. एकाची कडी दगडावर वाजली.

सिपोराने रात्री मला वाढलं. मी म्हटलं, कायदा टिकायचा तर कठोर व्हावं लागतं. ती म्हणाली, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

एकोणीस आहेत. आता निर्धास्त. तरी खबरदारी म्हणून कुंडीभोवती चुलीची राख पसरून आलो. पाऊल पडलं तर उमटेल.

हौसा गावात नाही. जोह्याला बहिणीकडे गेली, तिथे गणपतीच्या कारखान्यात पुढच्या वर्षीच्या मूर्तींचं काम सुरू झालंय, असं कळलं.

रविवार, ७ नोव्हेंबर

तेरा!

काल चूल नाही, थंड चहा प्यायलो, हौसा दोन कोसांत नाही, आणि तरी सहा गेल्या. राखेवर बगळ्याच्या पावलांशिवाय काही नाही.

म्हणजे चोर राखेत पाय न ठेवता कुंडीच्या विटांवरून आला, किंवा होडीतून. दुसरी किल्ली करून घेतली. पोपटच असेल. पण पोपटाला होडी वल्हवता येत नाही. कृष्णाबाई? हौसाचं नाव इतक्या पटकन तिनेच का घेतलं? एकीचे फग बंद झाले की बाकीच्यांना खाडी मोकळी.

पहाटे सिपोरा उठून बाहेर गेली होती. कुठे गेली होती विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "परसाकडे. राख पसरायची का?"

या घरात आता कुत्राही मला संशयाने बघतो, आणि मी त्याला.

बुधवार, १० नोव्हेंबर

हे सावकाश लिहितो.

सकाळी कृष्णाबाईला कुंडीवर घेऊन गेलो. साक्षीदार म्हणून, तिच्यासमोर मोजून पोपटावर आळ घ्यायचा बेत होता. झाकण उचललं. ओहोटी होती, पाणी घोटाभर.

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "काका, सुतल्या कुठंयत?"

"कसल्या?"

"आमी नांग्या बांधून देतो त्या."

"त्या मी कापल्या. पहिल्या दिवसापासून. जीव आहे गो, पोटुशी आहेत..."

"कापल्या." ती मटकन विटांवर बसली. "नि खायला?"

"रोज घालतो. शनिवार सोडून."

कृष्णाबाईने बोट दाखवलं. कोपऱ्यात एक मोठी मादी दुसरीला खाली दाबून बसली होती. मला वाटलं, थंडी वाजतेय म्हणून जवळ आल्या. मग वरच्या मादीने नांगी उचलली, नांगीत पाय होता. ती शांतपणे खात होती.

"काका, नांग्या मोकल्या, पोटात उपास, नि एका कुंडीत पंधरा. एकमेकींना खानार नायत तर काय, भजन करतील?"

"पण तुम्ही मला सांगितलं नाही!"

"ह्यात सांगायचं काय? आमच्यात पोराला पन ठाव..." ती थांबली. मी चिंबोरी खात नाही, म्हणूनच मला निवडलं होतं. तिला ते आठवलं, मलाही.

घरी येऊन सिपोराला सांगितलं. ती हसेल वाटलं, निदान रागावेल. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या घाण्याचा बैल शनिवारी जुंपत नव्हते. पण उपाशी ठेवत होते का?"

नव्हते. मीच त्याला पेंड घालायचो. शनिवारी, माझ्या हाताने.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

कृष्णाबाईने नांग्या बांधायला शिकवलं. मागून धरायचं, अंगठा पाठीवर, सुतळी आधी डाव्या नांगीवर. चौदा उरल्या होत्या, चौदाही मी बांधल्या. डाव्या हाताची तर्जनी सुजून भेंडीएवढी झालीय.

संध्याकाळी देवळापुढे उभा राहून सगळं सांगितलं. सुतळी, कात्री, शाबाथ. मग एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळा घोळका हसत सुटला. पोपट तर डोळे पुसत होता. म्हणाला, "चोराला बिनभाड्यानं घर दिलंत की काका!" मला वाटलं, हसण्यावारी गेलं, सुटलो.

सरू हसली नाही. गर्दीच्या मागून म्हणाली, "माझ्या सासूला चोर ठरवताना सगली जमली होती. ती आता पान्यात हात घालून माती मलतेय. तिला कोन सांगनार?"

कृष्णाबाई म्हणाली, "बंदी उठली. फग घेऊन जा गो."

"बंदी उठली म्हनून मानूस येत नाय," सरू म्हणाली. फग घेतले मात्र.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

वडखळपर्यंत पायी, तिथून एस.टी.ने पेण, पेणहून दुसरी गाडी जोह्याला. संध्याकाळच्या आत परतायचं म्हणून भल्या सकाळी निघालो.

लांबलचक शेडमध्ये बिनरंगाचे गणपती ओळीने वाळत होते, डोळे न काढलेले. हौसा शेवटी बसून माती मळत होती. कोपरापर्यंत हात राखाडी. मला पाहिलं आणि मळतच राहिली.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गावात सांगितलं तेव्हा वाक्यं तयार होती, इथे एकही सरळ आलं नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमची किल्ली मला अठरा वर्सं ठाव हाय. त्यात कधी तुमचा गूल कमी झाला?"

"नाही."

"साखर?"

"नाही गो."

"काकूंच्या बांगड्या फडतालात असतात, ते पन ठाव हाय. मग चिंबोरी चोरीन? जी रोज माझ्याच फगात मिलते?"

मी बोट दाखवलं, सुजलेलं. का दाखवलं कोण जाणे. लहान मूल दाखवतं तसं.

ती हसली नाही. "कोनी बांधल्या?"

"मी."

"पाय बांधलात की नांग्या?"

"नांग्या."

"किती उरल्या?"

"चौदा."

बराच वेळ तिने मातीचा गोळा आपटला, उलटला, पुन्हा आपटला. शेजारची बाई काम थांबवून ऐकत होती, तिला म्हणाली, "काय बगतेस? आमच्या गावचे हायत." मग माझ्याकडे न बघता, "सोमवारी भरती फुल्ल झाली की घाई करू नका. सुकती लागल्याबिगर, पानी उतरायला लागल्याबिगर, सोडायच्या नायत. नायतर पानी परत उघाडीत ढकलील, पोपट टोपली घेऊन बसेलच."

"तू ये."

"मला सुट्टी नाय."

दिवस मावळायला थोडा अवकाश होता तेव्हा घरी पोचलो. सिपोराने विचारलं, येतेय का? मी म्हटलं, सुट्टी नाही. ती म्हणाली, सुट्टी नाही म्हणाली, येत नाही म्हणाली नाही. बायकांचं बोलणं मला या वयातही समजत नाही.

रविवार, १४ नोव्हेंबर

काल शनिवारी बांधावर गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. शुक्रवारीच कापून ठेवलेली डोकी घातली. सिपोरा बरोबर आली, म्हणाली, बैल बघायला येते.

आज मोजल्या. चौदा. एकही उणी नाही.

सोमवार, १५ नोव्हेंबर. अमावास्या.

घरोघर लक्ष्मीपूजनाची गडबड, तरी सगळ्या बाया दुपारी उघाडीवर आल्या. पाणी बांधाच्या कडेला लागलेलं. कृष्णाबाई कात्री घेऊन तयार. मी म्हटलं, "थांबा. सुकती लागू दे." "तुमी शिकवनार आमाला?" कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "हौसाने सांगितलंय." कृष्णाबाईने कात्री माझ्या हातात दिली.

पाणी थांबलं होतं. न वर, न खाली. गवताची काडी टाकली, जागच्या जागी फिरत राहिली. आणि बांधावरून हौसा येताना दिसली, हातांवरची माती तशीच.

काडीकडे बघत बसली. काडी हळूच खाडीकडे सरकली तशी म्हणाली, "चला."

एकेक चिंबोरी तिने उचलायची, मी सुतळी कापायची, तिने पाण्यात ठेवायची. नवव्या चिंबोरीला तिने उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. पोटाच्या रुंद झाकणाखाली अंड्यांचा घोस बाहेर आला होता, नारिंगी, ओला, मुठीएवढा. बायांनी माना पुढे केल्या. कृष्णाबाई म्हणाली, "किती वर्सांत बगली नव्हती खाडीत."

"धरा," हौसा मला म्हणाली. मी मागून धरली, अंगठा पाठीवर. कापायला कोणी नव्हतं, तिनेच कापली सुतळी. मी हात पाण्यात घातला आणि सोडली. ती एक क्षण तिथेच थांबली, मग तिरकी होऊन पाण्याच्या ओढीबरोबर गेली.

चौदाही गेल्या. पोपट बांधावर रिकामी टोपली पालथी घालून बसला होता, तो उठून गेला.

कृष्णाबाईने सगळ्यांसमोर सांगितलं, "हौसे, चूक आमची. नाव मी घेतलं."

हौसा म्हणाली, "ऐकलं." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. चारची गाडी मिळेल म्हणून वडखळच्या वाटेला लागली. सिपोराने करंज्यांची पुडी घेऊन तिच्या मागे धाव घेतली, गुडघे दुखतात तरी. पुडी घेतली तिने. एवढं मी पाहिलं.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

बायांनी पुढच्या अमावास्येपर्यंत कुंडी माझ्याकडेच ठेवलीय. मी नको म्हणालो. कृष्णाबाई म्हणाली, "तुमी अजून पन खात नाय ना? मग." कुंडीपाशी कोणी यायचं नाही ही अट तेवढी काढून टाकली. आता ज्या बाईला वाटेल ती येऊन बघते, आणि माझ्या गाठी ओढून तपासते.

हौसाचा काही निरोप नाही.

दुपारी तिच्या घरावरून गेलो. मुद्दाम नाही, वाट तीच आहे. सरू ओट्यावर पाय पसरून फग शिवत होती. चार. जुनी जाळी काढून नवी बांधत होती, दोरी नवीन, पेणची. सरूला नववा महिना, ती काही खाडीत उतरणार नाही. नवऱ्याने जन्मात फग लावला नाही.

"कोणाचे गो हे?" विचारलं.

"तुमाला कशाला चौकशा?" सुई दातात धरून ती म्हणाली.

बरोबर आहे तिचं. पुढे काही विचारलं नाही. इथे फक्त लिहून ठेवतो.